खांदा कोणाचा, हात कोणाचा? : प्राचीन इस्राएलातील उपासनेची व्यवस्था



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका परक्या लोकांच्या देवळात कोणी धूप जाळावा आणि कोणी पडदे उचलावेत, याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी आरंभी देत नाही. आरंभी एक गोष्ट सांगतो.

दावीद राजाने यरुशलेम जिंकले आणि कराराचा कोश तेथे आणण्याचे ठरवले. हा कोश म्हणजे सोन्याने मढवलेली लाकडी पेटी. लांबी अडीच हात, रुंदी आणि उंची दीड-दीड हात. तिच्यात मोशेला मिळालेल्या दोन शिलापाट्या होत्या आणि देवाचे सान्निध्य तिच्या ठिकाणी असते अशी लोकांची श्रद्धा होती. एक नवी कोरी गाडी तयार केली, तिच्यावर कोश ठेवला, बैल जुंपले. पुढे वाद्ये वाजत होती, राजा स्वतः मिरवणुकीत होता. वाटेत एका खळ्यापाशी बैल ठेचाळले, गाडी कलली. शेजारून चालणाऱ्या उज्जा नावाच्या माणसाने कोश पडू नये म्हणून हात पुढे केला आणि कोशाला धरले. तो तिथल्या तिथे मरून पडला.

शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ही कथा आहे. ती वाचून आपल्याला जो धक्का बसतो, तोच दाविदाला बसला होता. ग्रंथ सांगतो की दावीद संतापला, मग भ्याला, आणि कोश पुढे नेण्याचे त्याने रहित केले. पडणारी पवित्र वस्तू सावरणारा हात हा अपराधी कसा? ही कसली व्यवस्था आणि हा कसला न्याय? आजचे सारे व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे. तो प्रश्न समजायचा तर आधी ती व्यवस्था नीट पाहिली पाहिजे.

इस्राएल लोक मिसर देशातून निघून रानात फिरत होते, त्या काळाचे वर्णन ‘गणना’ या ग्रंथात आहे. ग्रंथाचे नावच गणना. कारण त्यात माणसे मोजली आहेत, कुळे मोजली आहेत, आणि प्रत्येकाला जागा नेमून दिली आहे. छावणीच्या मध्यभागी निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू. त्याच्या पूर्वेला यहूदाचा झेंडा, दक्षिणेला रऊबेनाचा, पश्चिमेला एफ्राइमाचा, उत्तरेला दानाचा. प्रत्येक झेंड्याखाली तीन-तीन वंश. या बारा वंशांच्या आत, तंबूच्या अगदी लगत, आणखी एक कडे होते ते लेवी वंशाचे. पश्चिमेस गेर्षोनाचे कूळ, दक्षिणेस कहाथाचे, उत्तरेस मरारीचे, आणि पूर्वेस, दाराशी, मोशे, अहरोन व अहरोनाचे पुत्र. अहरोनही लेवीच, परंतु याजकपण, म्हणजे वेदीवर यज्ञ करण्याचा अधिकार, त्याच्या एकट्याच्या घराण्याला. बाकीचे लेवी हे सेवक, वाहक आणि रक्षक.

मुक्काम हलला की काम कसे होई ते पाहा. गेर्षोनाच्या कुळाकडे पडदे, आच्छादने, दोर. मरारीच्या कुळाकडे फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, म्हणजे सगळे जड सामान. आणि कहाथाच्या कुळाकडे कोश, मेज, दीपवृक्ष, वेद्या, म्हणजे सर्वांत पवित्र वस्तू. तीस ते पन्नास वर्षांच्या वयाची माणसे या कामाला घेत. ग्रंथातील मोजणीप्रमाणे गेर्षोनाची २६३० माणसे, मरारीची ३२०० आणि कहाथाची २७५०; एकूण ८५८०. पुढे सरदारांनी सहा गाड्या आणि बारा बैल अर्पण केले. त्यांतील दोन गाड्या गेर्षोनाला दिल्या आणि चार मरारीला, कारण त्याचे ओझे अधिक. कहाथाला एकही नाही. सर्वांत मान्य सामान ज्यांच्याकडे, त्यांना गाडी नाही. त्यांनी ते दांड्यांनी खांद्यावरून वाहायचे. कोशाच्या कड्यांतील दांडे कधीही काढायचे नाहीत, असा नियमच होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कहाथाच्या लोकांनी येण्यापूर्वी अहरोन आणि त्याचे पुत्र आत जाऊन प्रत्येक वस्तू झाकून ठेवीत. वाहणाऱ्याने वस्तूला हात लावायचा नाही, ती उघडी पाहायचीही नाही. जो जन्मभर कोश वाहतो, त्याने कोश कधी पाहिलेला नसतो. आणि जो कोश झाकतो, तो याजक एरवी तो वाहत नाही. म्हणजे एकाचा हात, दुसऱ्याचा खांदा. कोणा एकाच्या ताब्यात सगळे येऊ नये, अशी ही वाटणी झालेली दिसते. मुख्य याजकालासुद्धा पडद्याआड परमपवित्र स्थानात वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रवेश होता.

आता उज्जाकडे वळू. पहिली चूक उज्जाच्या हाताची नव्हती. कोश गाडीवर असायलाच नको होता. त्यापूर्वी शत्रूंनी, म्हणजे पलिष्ट्यांनी, पळवून नेलेला कोश नव्या गाडीवर घालून परत पाठवला होता. दाविदाच्या माणसांनी तीच रीत उचलली. कोश खांद्यावर असता तर बैल ठेचाळण्याचा प्रश्न नव्हता. ‘इतिहास’ नावाचा ग्रंथ फार नंतरचा. त्याच्या पहिल्या भागात हीच कथा पुन्हा येते, तेव्हा तीन महिन्यांनी दावीद याजकांना व लेव्यांना बोलावून स्वतःच कबूल करतो की, आपण पहिल्या वेळी नेमल्या रीतीने वागलो नाही. गाडीचा निर्णय राजाचा आणि सरदारांचा; मेला तो गाडीशेजारून चालणारा माणूस. मोठ्यांनी व्यवस्था मोडावी आणि तिचा घाव बाजूला उभ्या असलेल्या लहानावर पडावा, हे या कथेतील मला जाणवलेले सत्य आहे. त्यासाठी तीन हजार वर्षे मागे जाण्याची गरज नाही, हे आपणही जाणता.

मधल्या तीन महिन्यांत कोश कोणाच्या घरी होता? ओबेद-अदोम नावाच्या माणसाच्या. शमुवेलाचा ग्रंथ त्याला गथकर म्हणतो, आणि गथ हे तर पलिष्ट्यांचे नगर. त्याच्या घराची भरभराट झाली. पुढे इतिहासाच्या ग्रंथात लेवी द्वारपाळांच्या यादीत ओबेद-अदोमाचे नाव येते, त्याच्या घरची ६२ माणसे सेवेत दिसतात. तोच हा, असे अनेक भाष्यकार मानतात. तसे असेल तर ज्या व्यवस्थेने आतल्या उज्जाला क्षमा केली नाही, तिच्यातच एक बाहेरचा माणूस दाराशी येऊन उभा राहिला आणि दारवान झाला.

या व्यवस्थेची आर्थिक बाजूही पाहिली पाहिजे. देश वाटला गेला तेव्हा लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नाही. राहायला ४८ गावे आणि भोवतीची गायराने दिली. इतर वंशांनी उत्पन्नाचा दशमांश लेव्यांना द्यावा, आणि लेव्यांनी त्या दशमांशाचा दशमांश याजकांना द्यावा. म्हणजे जो देवाच्या जवळ, तो अन्नासाठी लोकांवर अवलंबून. व्यंग असलेल्या याजकाला वेदीवर अर्पण करता येत नसे. हा नियम आज आपल्याला खुपतो, आणि खुपला पाहिजे. परंतु त्याच नियमात पुढे असेही आहे की, पवित्र अन्नातला त्याचा वाटा मात्र कमी होणार नाही. अधिकार गेला तरी भाकर जात नाही.

मी केवळ वकिली करत आहे असे आपल्याला वाटू नये, म्हणून आता विरुद्ध पक्ष मांडतो. तो मांडण्यासाठी बाहेरून कोणाला आणावे लागत नाही. त्या ग्रंथातच तो आहे. त्याचे नाव कोरह. कोरह हा कहाथाच्या कुळातला लेवी, म्हणजे कोश वाहणाऱ्यांपैकी. २५० नामांकित पुरुष घेऊन तो मोशे व अहरोन यांच्यासमोर उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की, सगळीच मंडळी पवित्र आहे, सगळ्यांमध्ये देव आहे, मग तुम्हीच स्वतःला वर का चढवता? मित्रहो, हा युक्तिवाद दुबळा नाही. सीनाय पर्वताशी या साऱ्या लोकांनाच याजकांचे राज्य म्हटले गेले होते. कोरह तेच वचन दारात आणून ठेवत होता.

मोशेचे उत्तर असे की, तुला जवळ केले, सेवा दिली, हे तुला थोडे वाटते काय, की आता याजकपणही हवे? परीक्षा ठरली. प्रत्येकाने धूपपात्र घेऊन यावे. पुढे जमीन दुभंगली, कोरहाच्या बाजूचे लोक तिने गिळले, आणि धूप जाळणाऱ्या २५० जणांना अग्नीने भस्म केले. आजच्या माणसाला हे उत्तर पटणे कठीण. प्रश्न विचारणाऱ्याला जमिनीने गिळले म्हणून प्रश्न सुटत नाही. पण त्या कथेला दोन शेपट्या आहेत आणि त्या सहसा कोणी सांगत नाही. पहिली ही की, बंडखोरांची तांब्याची धूपपात्रे फेकून दिली नाहीत; ती ठोकून त्यांचे पत्रे केले आणि ते वेदीला मढवले. म्हणजे पुढे वेदीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ते बंड दिसत राहिले. दुसरी ही की, पुढे एका गणनेत अगदी लहानसे वाक्य येते. त्याचा आशय असा की, कोरहाचे पुत्र मेले नाहीत. याच कोरहपुत्रांचे नाव स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रांच्या माथ्यावर आहे, आणि कोरहाचे वंशज मंदिराचे द्वारपाळ झाल्याची नोंद इतिहासात आहे. बापाने आत जाण्याचा हक्क मागितला. मुलांनी दारात उभे राहून गाणी रचली. यात पराभव किती आणि विजय किती, ते ज्याने त्याने ठरवावे.

येथे अभ्यासकांचे म्हणणे सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र अर्धे राहील. ही सारी व्यवस्था मोशेच्या काळी एका दमात उतरली असे ग्रंथ म्हणतो. पण त्याच ग्रंथसमूहात वेगळ्या काळाच्या खुणा आहेत. शास्त्यांच्या ग्रंथात मीखा नावाचा एक गृहस्थ आधी आपल्या मुलालाच याजक करतो, आणि नंतर एक भटका लेवी भेटतो त्याला वर्षाला दहा रौप्यमुद्रा, कपडे आणि जेवण देऊन ठेवून घेतो. शमुवेलाचा बाप एफ्राइमी म्हणून दाखवला आहे. इतिहासाचा लेखक मात्र त्या घराण्याला लेव्यांच्या वंशावळीत बसवतो. शमुवेलाच्या ग्रंथात दाविदाचे पुत्र याजक होते असे सरळ लिहिले आहे. इतिहासात त्याच जागी ते राजाजवळचे प्रमुख अधिकारी झाले आहेत. अनुवादाच्या ग्रंथात लेवी आणि याजक ही दोन नावे जवळजवळ एकच. यहेज्केल संदेष्टा मात्र सांगतो की, वेदी केवळ सादोकाच्या वंशाची, इतर लेवी मूर्तिपूजेमागे गेले म्हणून खालच्या सेवेला. या खुणा जोडून यूलिउस वेलहाउझेन या जर्मन पंडिताने १८७८ साली मांडले की, याजक आणि लेवी यांचा काटेकोर भेद उत्तरकालीन, बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळातला आहे. यहेज्केल कौफमन या इस्राएली पंडिताने याच्या उलट, याजकीय विधिग्रंथ जुनाच आहे असे प्रतिपादन केले. हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु एवढे खरे की, ईश्वरी म्हणून जी व्यवस्था आपल्यापुढे येते, तिलाही माणसांचा इतिहास असतो. तिच्यात भांडणे असतात, तडजोडी असतात, हरलेल्यांची नावे असतात.

या इतिहासातील एक आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर बाबेलच्या सैन्याने जाळले आणि लोकांना पकडून नेले. पुढे परत जाण्याची मोकळीक मिळाली. परत आलेल्यांची यादी एज्राच्या ग्रंथात आहे. तिच्यात याजक आहेत ४२८९, गायक १२८, द्वारपाळ १३९, आणि लेवी किती? फक्त ७४. ज्यांनी जन्मभर वाहायचे त्यांना परत यावेसे वाटले नाही. कारण ग्रंथ सांगत नाही. माझा तर्क असा की, मान दुसऱ्याचा आणि ओझे आपले, अशा सेवेकडे परतण्याची ओढ कमीच असणार. पुढे नहेम्या नावाचा सुभेदार येतो आणि पाहतो की, लेव्यांचा वाटा कोणी दिलेला नाही, म्हणून गायकांसह लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले आहेत. तो गायकांना दोष देत नाही. अधिकाऱ्यांना जाब विचारतो, कोठारांवर विश्वासू माणसे नेमतो. व्यवस्था आकाशातून आली असली तरी ती धान्यावर चालते, हे या व्यवहारी माणसाने ओळखले होते.

व्यवस्था बदलत होती याचे आणखी एक उदाहरण. मंदिर बांधले गेले, कोश एका जागी बसला. मग वाहणाऱ्यांनी काय करायचे? इतिहासाचा ग्रंथ हा प्रश्न दाविदाच्या तोंडी घालतो. वाहण्याचे काम संपले, म्हणून लेव्यांना नवी कामे दिली. मोजलेल्या ३८,००० लेव्यांपैकी २४,००० मंदिराच्या कामावर, ६००० अधिकारी व न्यायाधीश, ४००० द्वारपाळ आणि ४००० वाद्ये घेऊन स्तवन करणारे. आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतील २८८ निपुण गायकांच्या २४ तुकड्या पाडल्या. पाळ्या ठरवताना चिठ्ठ्या टाकल्या. लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. याजकांच्याही २४ पाळ्या झाल्या. घराणे जन्माने ठरे, पण घराण्याच्या आत पाळी चिठ्ठीने ठरे. वशिल्याला तिथे जागा नव्हती.

चिठ्ठीची गरज का पडली, याची एक विलक्षण हकीकत मिश्ना या ग्रंथात आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला हा यहुदी परंपरेचा ग्रंथ. पहाटे वेदीवरची राख काढण्याची सेवा असे. आरंभी जो इच्छुक असेल त्याने वेदीच्या चढावावरून धावत जावे आणि जो पुढे जाईल त्याने ती करावी, अशी रीत होती. एकदा दोघे बरोबरीने धावले, एकाने दुसऱ्याला ढकलले आणि त्याचा पाय मोडला. तेव्हा न्यायसभेने ठरवले की, यापुढे ही सेवा चिठ्ठीनेच. राख काढण्याच्या सेवेसाठी पाय मोडेपर्यंत चढाओढ! भक्ती आणि अहंकार एकाच उताराने वर चढतात, हे त्या न्यायसभेला कळले होते. धूप जाळण्याच्या सेवेला तर ज्याने ती पूर्वी कधी केली नाही अशांनाच बोलावीत, म्हणजे प्रत्येकाला संधी मिळावी.

तरीही मत्सर संपला नाही. योसेफस हा इतिहासकार, स्वतः याजक घराण्यातला, लिहितो की दुसऱ्या अग्रिप्पा राजाच्या वेळी लेवी गायकांनी अर्ज करून याजकांसारखी तागाची वस्त्रे घालण्याची परवानगी मिळवली. योसेफसला हे अजिबात रुचले नाही. पूर्वजांच्या नियमाविरुद्ध वागल्याची शिक्षा भोगावीच लागते, असे तो म्हणतो. वस्त्रासाठीचा हा वाद झाला आणि थोड्याच वर्षांत, इसवी सन ७० मध्ये, रोमी सैन्याने ते मंदिरच जाळले. मग ताग कोणाचा आणि लोकर कोणाची?

मंदिर गेले, वेदी गेली. मागे काय राहिले? १९६२ साली कैसरिया येथे संगमरवराचे तुकडे सापडले; त्यांवर याजकांच्या त्या २४ पाळ्यांची यादी कोरलेली होती. मंदिर नष्ट झाल्यावर काही शतकांनीही लोक पाळ्यांची नावे दगडावर कोरत होते. आजही सभास्थानात शास्त्रवाचनाला प्रथम अहरोनाच्या वंशातल्याला, मग लेव्याला आणि मग इतरांना बोलावतात. पण मुख्य उपासना आता यज्ञाची राहिली नाही. ती प्रार्थनेची आणि अध्ययनाची झाली, आणि अध्ययनाला वंश लागत नाही. कोरहाने जे मागितले, त्यातले थोडेसे काळाने दिले. मात्र मंदिराची किंमत घेऊन दिले.

याची साक्ष आपल्या कोकणातही आहे. अलिबाग आणि पनवेलच्या बाजूला शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल हे आपल्याच मराठी बोलणारे. घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान १७९६ सालचे. त्यापूर्वी त्यांच्याजवळ ना मंदिर, ना वेदी. घरात पोहे, खोबरे, साखर, फळे यांचा मलिदा करून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करायचे आणि शनिवार पाळायचा. घाणा थांबवण्याचा अधिकार कोणा एका घराण्याचा नव्हता. तो प्रत्येक घराचा होता.

हे सारे ऐकताना आपल्याकडील देवस्थाने, मानकरी आणि जन्माने ठरणारे अधिकार आपल्या मनात आले असतील. ती तुलना मी मुद्दाम केली नाही. दुसऱ्याचे घर पाहताना आपले घर आठवते, तेवढे पुरे.

आता उज्जाचा प्रश्न. त्याचे मन शांत करणारे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यापासून मी थोडा दूर राहतो. मात्र एक गोष्ट सांगून संपवतो. ज्या जागी तो मेला, त्या जागेला पेरेस-उज्जा, म्हणजे उज्जाचा भंग, हे नाव पडले. ज्यांनी ही व्यवस्था ईश्वरी मानली, त्यांनी तिच्यात मेलेल्या माणसाचे नाव पुसले नाही. राजाचा संताप गाळला नाही. कोरहाचा प्रश्न लपवला नाही. ७४ चा आकडा वाढवून लिहिला नाही. समाजाला नेमून दिलेली कामे लागतात; सगळ्यांनी सगळ्याला हात घातला तर कोश पडतो. परंतु ती नेमणूक न्यायाची आहे की नाही, हे तपासायला तिच्याखाली चिरडलेल्यांची नावे जपून ठेवावी लागतात. ज्या व्यवस्थेने ती जपली, तिच्याशी बोलणे शक्य असते. ज्या व्यवस्थेला ती आठवतच नाहीत, तिच्यापासून सावध राहावे, एवढेच माझे सांगणे.